जनांचे भय आणि श्रीसंत बहिणाबाई शिऊरकर

देह थकू लागला म्हणजे माणसाच्या मनात दोन भये घर करतात. एक मरणाचे. ते वारकऱ्याला फारसे छळत नाही. ज्याने जन्मभर पंढरीची वाट तुडवली त्याला शेवटची वाट काही परकी वाटत नाही. दुसरे भय मात्र मोठे चिवट. लोक काय म्हणतील, आपल्याला पंगतीला बोलावतील की नाही, आपल्यामागे खांदा द्यायला भाऊबंद येतील की नाही, हे ते भय. तरुणपणी माणूस कामाच्या रगाड्यात असतो, त्याला या विचाराला सवड नसते. म्हातारपणी काम सुटते, बरोबरीचे सोबती एकेक करून निघून जातात, आणि मोजकीच माणसे उरतात. तीही तुटतील की काय, या धास्तीने रात्रीची झोप जाते, घास गोड लागत नाही, आणि माणूस आपणहून कोपऱ्यात जाऊन बसतो.

हे आज लिहायचे कारण असे. गेल्या वर्षी श्रीतुकोबारायांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामाला होती. आम्ही तेथे दर्शनबारीच्या कडेला उभे होतो. एक वृद्ध माउली पालखीकडे न जाता लांब भिंतीला टेकून उभी होती. विचारपूस केली तेव्हा बोलायला लागली. गाव वैजापूर तालुक्यातले. मालक वारले. मुलगा चाकणच्या बाजूला कारखान्यात कामाला, बिऱ्हाड टाळगाव चिखलीला. मुलाने दुसऱ्या जातीतली मुलगी केली आणि या माउलीने तिला स्वतः ओवाळून घरात घेतले. तेव्हापासून गावाकडच्या भाऊबंदांनी बोलावणी बंद केली. ना लग्नाचे आवतन, ना दहाव्याचा निरोप. चिखलीच्या भजनी मंडळातल्या बायांनी कुणी शब्दाने दुखावले नव्हते, पण हिने आपणच जाणे सोडले. सुनेचे कूळ कुणी विचारले तर काय सांगावे, ही धास्ती. पंढरीच्या दोन वाऱ्या चुकल्या. झोप येत नाही म्हणाली. शेवटी तिने आम्हाला विचारले की पांडुरंगानेही आपल्याला वाळीत टाकले असेल का.

गर्दीत फार बोलता आले नाही. आम्ही एवढेच म्हटले की बाई, तुम्ही शिऊरच्या मुलखातल्या, तुम्ही हे विचारावे? तुमच्या मातीत बहिणाबाईंची समाधी आहे, त्यांचे चरित्र आठवा. त्यावर ती म्हणाली की नाव ठाऊक आहे, समाधीला हातही जोडले आहेत, पण चरित्र कुणी सांगितले नाही. तेव्हा मासिकातून सांगतो असा शब्द दिला. तो शब्द आज पाळत आहोत.

आरंभीच एक खुलासा करावासा वाटतो. पुष्कळ मंडळी दोन बहिणाबाईंची गल्लत करतात. शेतीच्या आणि संसाराच्या ओव्या रचणाऱ्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी या १८८० ते १९५१ या काळातल्या. त्याही थोरच. पण आम्ही सांगतो त्या संत बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, तुकोबारायांच्या शिष्या, आणि आपले आत्मचरित्र अभंगांत लिहून ठेवणाऱ्या. आपल्या संप्रदायाच्या इमारतीचा पाया कोणी घातला आणि कळस कोण झाला हे सांगणारा जो अभंग आपण कीर्तनात नेहमी ऐकतो, तो त्यांच्याच नावावर आहे. पुढे १९२९ साली जस्टिन अॅबट या अमेरिकन पाद्र्याने त्यांच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर छापले. सातासमुद्रापारच्या माणसाला या बाईचे मोल कळले, आपल्याला ते घरबसल्या कळायला हरकत नाही.

वेरूळच्या पश्चिमेला देवगाव आहे, हल्ली त्याला देवगाव रंगारी म्हणतात. तेथले कुलकर्णी आऊजी आणि त्यांची पत्नी जानकी. या दांपत्याच्या पोटी शके १५५०, म्हणजे इ.स. १६२८ मध्ये बहिणाबाईंचा जन्म झाला. खेळण्याबागडण्याच्या वयात लग्न लागले. नवरा शिऊरच्या पाठक घराण्यातला, विद्वान, पण तिशीच्या घरातला आणि बिजवर. त्या काळची रीतच तशी होती, त्यात आईबापांनी मुद्दाम वाईट केले असे म्हणवत नाही. पण पोरीच्या वाट्याला काय आले ते पाहा. जिला भातुकली पुरती मांडता येत नाही, तिने वेदपाठी नवऱ्याच्या शिस्तीत राहायचे.

बहिणाबाई नऊ वर्षांच्या असताना घरात भाऊबंदकीचा तंटा पेटला. शेवटी आईबाप, जावई आणि मुलगी अशी चौघे गाव सोडून निघाली. वतनदार कुलकर्ण्याचे कुटुंब गोदावरीच्या काठाने यात्रेकरूंबरोबर कोरान्न मागत चालले. मंडळी, भाऊबंद तुटणे म्हणजे काय हे या बाईंना नवव्या वर्षी कळले. ज्या उंबऱ्यावर कालपर्यंत लोक जोहार करीत होते तो उंबरा मागे पडला, आणि दुसऱ्याच्या दारात पदर पसरण्याची पाळी आली. पण या पायपिटीत एक लाभ झाला. वाट पंढरीवरून गेली. पोरीने विठोबाचे मुख पाहिले, आणि ते मनातून पुढे कधी हलले नाही. तेथून शिखर शिंगणापूर, मग रहिमतपूर असे करीत ही मंडळी कोल्हापुरास पोचली. तेव्हा बहिणाबाईंचे वय अकरा.

कोल्हापुरात बहिरंभट नावाच्या वैदिक ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला. तेथे दानात एक काळी कपिला गाय आणि तिचे वासरू आले. वासरू बहिणाबाईंना इतके लळले की त्या पाण्याला गेल्या तरी मागे, पुराणाला बसल्या तरी शेजारी. त्या दिवसांत कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तने होत होती. बहिणाबाई कीर्तनाला जात, आणि वासरूही जाई. एका रात्री दाटी फार झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर घालवले. पोर रडू लागली, बाहेर वासरू हंबरू लागले. स्वामींच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी वासराला आत आणवले, आणि त्याच्या व मुलीच्या मस्तकावर हात ठेवला.

साधी गोष्ट. पण गावात लगेच कुजबुज उठली. कुणीतरी जाऊन नवऱ्याच्या कानाला लागले. विद्वान ब्राह्मण, परमुलखात आश्रित म्हणून राहिलेला, आपली अब्रू जाते की काय या धास्तीतला. त्याने त्या पोरीला केसांना धरून मारले आणि गुरासारखी बांधून घातली. आम्ही इथे थांबून एक गोष्ट सांगतो. तो मनुष्य मुळात दुष्ट नव्हता. त्यालाही लोकांचेच भय होते. जनांच्या भयाचा स्वभावच असा, की ज्याला ते लागते तो आपल्याहून दुबळ्यावर हात उचलतो. म्हणून त्या मारण्याला आम्ही मुळीच चांगले म्हणत नाही, आणि कुणा कीर्तनकाराने ते पतिव्रतेचे भूषण म्हणून सांगू नये. आजही कुणाच्या घरी असे घडत असेल तर ते सोसणे म्हणजे परमार्थ नव्हे.

इकडे गाय आणि वासराने दाणापाणी सोडले. वासरू गेले. त्याला मूठमाती देताना बहिणाबाई मूर्च्छित पडल्या, त्या दिवसेंदिवस शुद्धीवर आल्या नाहीत. त्या अवस्थेत त्यांना आधी पांडुरंग दिसले आणि मग तुकोबाराय. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, हा दिवस त्यांनी स्वतः नोंदवून ठेवला आहे. तुकोबांनी स्वप्नात अमृत पाजले आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. प्रत्यक्ष भेट नाही, ओळख नाही, जयरामस्वामींच्या कीर्तनात ऐकलेले अभंग तेवढे कानात होते. पण या बाईंचे मन त्या रात्री उभे राहिले ते कायमचे.

आता खरी परीक्षा पुढेच होती. ब्राह्मणाच्या घरातली बाई, आणि गुरू देहूचा कुणबी वाणी. बातमी पसरली, बाया दर्शनाला येऊ लागल्या. नवऱ्याला हे सोसेना. आपण पिढीजाद वेदाध्ययन करणारे, आपल्याला कुणी विचारत नाही, आणि बायकोच्या पाया लोक पडतात, हे त्याच्या जिव्हारी लागले. घरदार सोडून वनात निघून जायचे त्याने ठरवले. बहिणाबाई तेव्हा तीन महिन्यांच्या गरोदर. एकीकडे गुरू आणि देव, एकीकडे नवरा, आणि पोटात लेकरू. त्या काळात नवऱ्याने टाकलेल्या बाईला जातीत, गावात, देवळात कुठेच जागा नव्हती. बहिणाबाईंनी हे सारे दुःख लपवले नाही. आपण बाईचा जन्म घेतला, वेद ऐकायचा अधिकार नाही, मंत्र उच्चारायचा नाही, मग देवाकडे जावे तरी कसे, असे त्या अभंगांतून उघड विचारतात. शेवटी त्यांनी मनाशी ठरवले की हातांनी घरचे करू, मुखाने नाम घेऊ, आणि दोहोंत वैर मानणार नाही.

आणि झाले काय, तर ज्या दिवशी नवरा निघायचा त्याच सुमारास त्याला ताप भरला. तो महिनाभर अंथरुणाला खिळला. औषध लागू पडेना. बहिणाबाईंनी रात्रंदिवस सेवा केली. दुखण्यात माणूस एकटा पडतो, आणि एकटा पडला म्हणजे खरा विचार करतो. आपण संताची निंदा केली म्हणून हे भोगतो आहोत, असे त्याला वाटू लागले. बरा झाला तो वेगळाच होऊन. म्हणाला, चला, देहूलाच जाऊ. जो बायकोला सोडून जाणार होता तोच तिला घेऊन तुकोबांच्या दाराशी निघाला. मनुष्य बदलतो, मंडळी. कुणाला कायमचा वाईट ठरवून टाकू नये हेही या चरित्रात आहे.

अशी ही मंडळी देहूला आली. आज आपण देहूला जातो तेव्हा एका अंगाला तळवड्याच्या कंपन्या, पलीकडे चिखली, मोशी, आणि पुढे चाकणची कारखानदारी. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथून पोटासाठी माणसे येतच राहिली. बहिणाबाईंच्या वेळी हे काही नव्हते. इंद्रायणी, डोह, भामनाथ आणि भंडाऱ्याचे डोंगर, आणि चारदोनशे घरांची वस्ती. पण एक गोष्ट तेव्हाही तीच होती. वैजापूरकडचे एक कुटुंब ओळखीपाळखीवाचून, डोक्यावर बोचके घेऊन, इंद्रायणीच्या काठी जागा शोधत आले होते. चिखलीच्या त्या माउलीला आम्ही हेच सांगू. तुमच्या आधी तुमच्याच मुलखातली एक बाई याच वाटेने आली होती.

देहूत त्यांनी पहिल्यांदा मंबाजी गोसाव्याकडे राहायला जागा मागितली. मंबाजीने घालवून दिले. कोंडाजीपंत म्हणून एका गृहस्थांनी मात्र जेवूखाऊ घातले. परक्या गावात एकाने दार लावले आणि एकाने उघडले. ज्याने लावले त्याचेच नाव जास्त ठाऊक असावे ही जगाची तऱ्हा, पण आम्ही कोंडाजीपंतांना आधी नमस्कार करतो.

मंबाजीची इच्छा अशी की या ब्राह्मण दांपत्याने आपला उपदेश घ्यावा. त्यांनी आमचे गुरू तुकोबा आहेत असे सांगताच त्याचे पित्त खवळले. शूद्राला गुरू मानणारे हे धर्मबुडवे, यांना जातीबाहेर घातले पाहिजे, असे तो गावभर बोलू लागला. पुण्याला आपाजी गोसाव्याला पत्र लिहून त्याने तक्रारही केली, की देहूत एक शूद्र कीर्तन करतो आणि ब्राह्मण त्याच्या पाया पडतात. एवढ्यावर भागले नाही. बहिणाबाईंची गाय त्याने आपल्या घरात बांधून घातली आणि काठीने झोडपली. बहिणाबाई सांगतात की त्या मारांचे वळ तुकोबारायांच्या पाठीवर उठले होते. कुणी याला चमत्कार म्हणेल, कुणी भक्ताचा भाव म्हणेल. आम्ही एवढेच म्हणतो की दुसऱ्याचा मार ज्याच्या पाठीवर उमटतो, त्यालाच आपण संत म्हणतो.

बहिणाबाईंना या साऱ्याचे भय वाटले नाही का? वाटलेच असेल. नाहीतर त्यांनी इतक्या बारकाईने ते कशाला सांगितले असते? पण भय वाटणे वेगळे आणि भयाने कोपऱ्यात बसणे वेगळे. त्यांनी कोपरा धरला नाही. त्या रोज देवळात गेल्या, रोज कीर्तनात बसल्या. तेथे त्यांना काय दिसले? ज्या वाघोलीच्या रामेश्वरभट्टांमुळे तुकोबांचे अभंग इंद्रायणीच्या डोहात गेले, तेच रामेश्वरभट्ट आता तुकोबांच्या पायाशी होते. वह्या तेरा दिवसांनी वर आल्याची हकिगत बहिणाबाईंनी त्या काळातली माणूस म्हणून लिहून ठेवली आहे. चाकणचे संताजी जगनाडे, तेल्याच्या घाण्यावरचे, त्याच तुकोबांचे अभंग उतरून घेत होते. त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्याला आहे. म्हणजे पाहा, मंबाजीच्या यादीत जे जे जातीबाहेरचे होते त्यांची इथे वेगळीच पंगत बसली होती. बहिणाबाई त्या पंगतीत बसल्या आणि त्यांचे भय हळूहळू पातळ झाले. एकट्याने भय जात नाही. चार माणसांत बसले की जाते. सत्संगाचा हा व्यवहारातला अर्थ.

देहूतच त्यांना काशी नावाची मुलगी झाली. पुढे विठोबा हा मुलगा झाला. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इ.स. १६५० मध्ये तुकोबारायांनी प्रयाण केले. बहिणाबाई तेव्हा बाविशीच्या आसपास. गुरूचा सहवास असा थोडकाच मिळाला. नंतर त्या सासरच्या गावी शिऊरला आल्या आणि राहिल्या ते अखेरपर्यंत. मधल्या वर्षांत सांगण्यासारख्या मोठ्या घडामोडी नाहीत. संसार केला, मुले वाढवली, अभंग रचले. ब्राह्मण कोणाला म्हणावे यावरही त्यांनी लिहिले, आणि निवाडा असा दिला की देह, जात किंवा कर्म यांवरून नव्हे, ज्याला ब्रह्म कळले तो ब्राह्मण. ज्या गोष्टीवरून मंबाजीने बाविशीच्या आत त्यांना वाळीत टाकू पाहिले, तिचे उत्तर त्यांनी शिवीने दिले नाही, शांतपणे विचार करून दिले.

आता त्यांच्या म्हातारपणाकडे वळू. आमच्या मते चरित्राचा खरा गाभा इथेच आहे. बहात्तर वर्षांचे वय. सून रुक्मिणी गेलेली, आणि विठोबा तिच्या उत्तरकार्यासाठी बाहेरगावी. आपला काळ जवळ आला हे बहिणाबाईंनी ओळखले आणि मुलाला पत्र पाठवून बोलावून घेतले. सुनेचे दुःख ताजे असताना आईचे पत्र. विठोबा धावत आला. त्याला जवळ बसवून त्यांनी आपली सारी हकिगत सांगितली. आधीचे बारा जन्म कोणकोणते, हा तेरावा कसा, आणि त्या बाराही जन्मांत तू माझा मुलगा होतास, हेही सांगितले.

पूर्वजन्मांच्या गोष्टीवर ज्याची जशी श्रद्धा तसे त्याने मानावे. आमचे लक्ष दुसरीकडे आहे. या वृद्ध बाईने आपल्या आयुष्याकडे कसे पाहिले? बहुतेक म्हातारी माणसे काय करतात? झालेले अपमान उरात ठेवतात. भाऊबंदांनी काय केले, सुनेने काय म्हटले, याचे गाठोडे बांधून उशाशी घेतात आणि रात्रभर तेच सोडतात नि बांधतात. बहिणाबाईंकडे असे गाठोडे केवढे मोठे होते! घर सुटले, भीक मागितली, मार खाल्ला, दाव्याने बांधून घेतले, नवरा टाकून चालला, गावाने वाळीत घालायची भाषा केली. त्यांनी यातले काही लपवले नाही. लाज वाटून गाळले नाही आणि सूड म्हणून वाढवलेही नाही. पोराच्या समोर सगळे ओळीने मांडले आणि त्या ओळीत पांडुरंग कुठे कुठे उभा होता ते दाखवले. गाय सांगितली, वासरू सांगितले, जयरामस्वामींचा हात सांगितला, कोंडाजीपंतांचे जेवण सांगितले. असे सांगून झाल्यावर मन मोकळे झाले. शके १६२२, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, इ.स. १७०० मध्ये, घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी देह ठेवला. ज्या शिऊरला त्यांची समाधी आहे तेथे आज सगळ्या जातींचे लोक माथा टेकतात. मंबाजीने जिला जातीबाहेर घालायचे म्हटले, तिच्या पायांशी आज जात विचारली जात नाही.

आपल्याच इंद्रायणीच्या काठी, आळंदीला, त्याआधी चारशे वर्षांपूर्वी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. संन्यास सोडून परत संसारात आले म्हणून विठ्ठलपंतांना गावाने वाळीत टाकले, आणि त्या कोवळ्या चार लेकरांना आईबापांवाचून दारोदार फिरावे लागले. ज्या गावाने त्यांना झिडकारले तेच गाव आज ज्ञानोबामाउलींच्या नावाने जगते. म्हणजे वाळीत टाकणाऱ्यांची नावे काळ पुसून टाकतो. पण तोवर टाकलेल्या माणसाला जगवायचे कोणी? हा प्रश्न संतांचा नाही. तो आपला आहे.

काळ बदलला आहे हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, आणि तो २०१७ पासून लागू आहे. असा कायदा करणारे आपले राज्य देशात पहिले. कुणाला जातपंचायतीने किंवा भावकीने वाळीत टाकले, लग्नाकार्यात, देवळात, मयताला येऊ दिले नाही, तर तो गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार पोलिसांत किंवा न्यायाधीशापुढे करता येते. पण मंडळी, कायदा माणसाला पंगतीत बसवील, शेजारच्याने प्रेमाने वाढावे हे कायद्याला करता येत नाही. ते आपणच करायचे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. म्हातारपणी मन खचणे हा भक्ती उणी पडल्याचा पुरावा नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, भूक नाही, ज्यात गोडी होती त्या भजनातही गोडी वाटत नाही, जगण्यात अर्थ नाही असे वाटते, तर ते दुखणे आहे, आणि गुडघ्याच्या दुखण्यासारखेच त्यालाही औषध आहे. बहिणाबाईंच्या घरीही ताप आला तेव्हा औषधपाणी झालेच. नाम आणि वैद्य यांत वैर नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात मनाचे डॉक्टर असतात. शिवाय १४४१६ या सरकारी फोनवर दिवसरात्र केव्हाही मराठीतून बोलता येते, त्याला पैसे पडत नाहीत. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. घरातल्या तरुणांनी हे दोन आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

आता राहिले आपल्या दिंड्या आणि भजनी मंडळांविषयी. आम्ही कुणाला दोष देत नाही, कारण दोषी आम्हीही आहोत. आमच्याच मंडळात एक पखवाजी होते. हात थरथरू लागला तसा त्यांचा ठेका चुकू लागला. दोन पोरे हसली. पुढच्या एकादशीला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. आम्ही म्हटले, वय झाले, दमत असतील. चौकशीला गेलो ते चार महिन्यांनी. ते दाराशीच बसलेले होते. पखवाज खुंटीला होता, त्यावर धूळ नव्हती. रोज पुसत होते. आपल्याला आता कुणी बोलावणार नाही, असे त्यांनी धरून चालले होते, आणि आम्ही चार महिने तेच खरे करून दाखवले होते. तेव्हापासून आम्ही मंडळात एक रीत पाडली आहे. दोन एकादश्या जो दिसला नाही त्याच्या घरी तिसरीच्या आत कुणीतरी जायचे. कारण विचारायचे नाही, न्यायलाच जायचे. पखवाजी बाबा आता टाळ धरतात, आणि नव्या पोरांना बोल सांगतात.

ही रीत प्रत्येक मंडळाने पाडावी अशी आमची विनंती आहे. पिंपरी, भोसरी, चिखली, चाकण, तळवडे या पट्ट्यात गावोगावचे म्हातारे आईबाप मुलांच्या मागे येऊन राहिले आहेत. तिसऱ्या चौथ्या मजल्यावर दिवसभर एकटे असतात. मुलगा पाळीवर, सून कामावर, नातवंडे शाळेत. भाषा तीच, देव तोच, पण ओळखीचे तोंड नाही. त्यांना कोंडाजीपंत हवे आहेत. फार काही करायचे नाही. दार उघडायचे आणि या म्हणायचे. कुळाची चौकशी करायची नाही.

आणि ज्या वृद्ध मंडळींच्या मनात हे भय आहे त्यांना आमचे हात जोडून सांगणे असे की दोन पावले तुम्हीही टाका. लोकांनी दार लावले असेल असे घरात बसून ठरवू नका, एकदा जाऊन ढकलून पाहा. पुष्कळदा ते नुसते लोटलेले असते. आणि खरेच एखाद्याने कडी लावली असेल, तर बहिणाबाईंप्रमाणे पुढच्या दारी जा. मंबाजी एक होता. देहूत बाकीचे गावही होते.

चिखलीच्या त्या माउलीचे नाव आम्ही विचारले नव्हते, पत्ताही ठाऊक नाही. हा अंक तिच्या हाती पडेल की नाही कोण जाणे. पण यंदा आकुर्डीच्या मुक्कामाला आम्ही त्याच भिंतीपाशी उभे राहणार आहोत. बाई, तुम्ही आलात तर सुनेलाही घेऊन या. आपण तिघे मिळून पादुकांवर डोके ठेवू. पांडुरंगाने कुणाला वाळीत टाकल्याचे आम्ही तरी आजवर कोणत्याही संताच्या चरित्रात वाचलेले नाही.

रामकृष्णहरी.